इंद्रहार जोत : माध्यान्हापूर्वीची वाट

हिमाचल प्रदेशातील कांगडा खोऱ्यात उत्तरेकडे तोंड करून उभे राहिले, की भातशेतांच्या आणि चहाच्या मळ्यांच्या पलीकडे एक उंच भिंत दिसते. हिमालयात अन्यत्र हिमशिखरांचे दर्शन होण्यापूर्वी डोंगरांच्या अनेक रांगा ओलांडाव्या लागतात. येथे तसे होत नाही. समुद्रसपाटीपासून हजार मीटरांच्या आसपास असलेल्या खोऱ्यातून ही पर्वतरांग एकदम चार हजार मीटरांच्या वर चढते. हिवाळ्यात तिच्यावर पसरणाऱ्या बर्फामुळे आणि तिच्या फिकट ग्रॅनाइटी खडकामुळे तिला ‘धौलाधार’, म्हणजे शुभ्र धार, हे नाव पडले आहे.

या रांगेच्या दक्षिणेस कांगडा जिल्हा आणि उत्तरेस चंबा जिल्हा आहे. मोटाररस्त्याने एका बाजूकडून दुसरीकडे जायचे तर फार मोठा वळसा पडतो. पायी जाणाऱ्यांसाठी मात्र रांगेच्या माथ्यावर काही खाचा आहेत. त्यांना या भागात ‘जोत’ म्हणतात. आपल्या भाषेत त्यांना खिंडी म्हणता येईल. त्यांपैकी धर्मशाळेच्या वरच्या अंगाला असलेली ४३४२ मीटर उंचीची इंद्रहार जोत ही बाहेरच्या प्रवाशांना सर्वांत अधिक परिचित आहे. तिच्या पायथ्याच्या शेवटच्या मुक्कामावरून खिंड गाठून त्याच दिवशी परत येता येते. अंतर फारसे नाही, दोर लावून चढावे लागेल असे कडेही सामान्यतः लागत नाहीत. तरीही या एका दिवसात माणसाच्या शक्तीपेक्षा त्याच्या विवेकाची परीक्षा अधिक होते. ही परीक्षा कशी होते, हे समजून घेतले म्हणजे हिमालयातील कोणत्याही उंच खिंडीकडे जाण्याची रीत ध्यानात येते.

गद्दी लोकांची वाट

ही वाट हौशी गिर्यारोहकांनी शोधलेली नाही. ती गद्दी मेंढपाळांची आहे. चंबा जिल्ह्यातील भरमौर हा गद्दी लोकांचा मूळ प्रदेश. त्याला ‘गदेरण’ असेही म्हणतात. हिवाळ्यात तेथे बर्फ पडले, की कळपांना चारा उरत नाही. तेव्हा गद्दी आपल्या शेळ्यामेंढ्या घेऊन कांगड्याच्या खालच्या टेकड्यांवर उतरतात. वसंत ऋतू संपता संपता ते पुन्हा धौलाधार ओलांडून उत्तरेस जातात. काही कळप तर त्याही पलीकडची पीर पंजाल रांग ओलांडून लाहौलच्या कुरणांपर्यंत पोहोचतात आणि शरद ऋतूत माघारी फिरतात. धौलाधारच्या सर्व जोती या जाण्यायेण्याच्या वाटा आहेत.

गद्द्यांचा पारंपरिक वेश पाहिला, तरी या वाटेचे स्वरूप कळून येते. अंगात लोकरीचा घेरदार चोला आणि कमरेभोवती ‘डोरा’, म्हणजे लोकरीचा अनेक मीटर लांबीचा दोर, वेढ्यावर वेढे देऊन गुंडाळलेला. डोऱ्यामुळे कंबरेला आधार मिळतो आणि पोटाशी ऊब राहते. चोल्याच्या वरच्या भागाचा आपोआप खोळ तयार होतो. त्यात नुकतेच जन्मलेले, चालू न शकणारे कोकरू बसवून नेता येते. लोकर भिजली तरी बरीच ऊब राखते. ज्या वाटेवर पावसात आणि हिमवृष्टीत सापडण्याचा संभव पदोपदी असतो, त्या वाटेने हा वेश घडविला आहे.

जोतीच्या माथ्यावर दगडांची एक रास असते. तिच्यावर त्रिशूळ रोवलेले असतात, कापडाची निशाणे बांधलेली असतात. गद्दी शिवभक्त आहेत. जोत ओलांडण्यापूर्वी आणि ओलांडल्यावर ते तेथे पूजा करतात. ज्या ठिकाणी वारा आणि बर्फ यांच्यावर माणसाची सत्ता चालत नाही, त्या ठिकाणाविषयीची त्यांची भावना या पूजेतून व्यक्त होते. मात्र केवळ देवावर हवाला ठेवून ते चढत नाहीत. आकाश पाहून ते निघतात आणि लक्षण बरे दिसले नाही, तर कळप खाली थांबवून धरतात.

शेवटच्या मुक्कामापर्यंत

धर्मशाळेच्या वर मॅकलोडगंज आहे. तेथून बान आणि बुरांस यांच्या जंगलातून वाट त्रिउंड येथे जाते. त्रिउंड ही सुमारे २८५० मीटर उंचीवरील गवताळ सोंड होय. येथपर्यंत असंख्य लोक येतात. त्यापुढे झाडे विरळ होतात आणि सुमारे ३३०० मीटरांवर इलाका गोट लागतो. त्याला लाका गोट असेही म्हणतात. ‘गोट’ म्हणजे मेंढपाळांचा कळपासह उतरण्याचा तळ. त्याहून वर, सुमारे ३६०० मीटरांवर, लाहेशची गुहा आहे. नाव गुहेचे असले, तरी ती म्हणजे एका प्रचंड शिळेखालची मोकळी जागा आहे. काही माणसे तिच्यात दाटीवाटीने रात्र काढू शकतात.

गुहेपासून जोतीपर्यंत उरते ती सुमारे साडेसातशे मीटरांची उभी चढण. मोठमोठ्या शिळांच्या राशी, त्यांवरून हातापायांनी चढणे, मग अवाढव्य पायऱ्यांसारखे तिरपे कातळ, आणि मे-जूनमध्ये घळींतून साचून राहिलेले बर्फ, असे तिचे रूप आहे. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली डोंगरातील चालीचा एक ठोकताळा सांगितला होता. त्यानुसार सपाटीवरील अंतराच्या वेळेत दर सुमारे ६०० मीटर चढणीमागे एक तास मिळवावा. या हिशेबाने लाहेशवरून जोतीच्या चढणीसाठी सव्वा तास अधिक धरावा लागेल. परंतु हा ठोकताळा स्कॉटलंडच्या बुटक्या डोंगरांसाठी आहे. विरळ हवा, शिळांची वाट आणि बर्फ यांमुळे प्रत्यक्षात साधारण माणसाला येथे तीन ते पाच तास लागतात. उतरताना वेळ थोडाच कमी होतो. म्हणजे सात-आठ तासांची ही वाटचाल आहे, आणि हे सर्व तास दिवसाच्या कोणत्या भागात पडतात, यावर तिची सुरक्षितता अवलंबून आहे.

दुपार का टाळावी?

धौलाधारवर चढणारे जाणकार लोक पहाटे चार-पाचच्या सुमारास, विजेरीच्या उजेडात निघतात आणि माध्यान्हापूर्वी माथा सोडतात. या नियमामागे तीन स्वतंत्र कारणे आहेत.

पहिले कारण हवेच्या अभिसरणाचे. सकाळी सूर्य वर आला, की कांगड्याचे खोरे तापू लागते. तापलेली हवा हलकी होऊन डोंगराच्या उतारावरून वर सरकते. रांगेची दक्षिण बाजू उभी असल्यामुळे ही हवा फार वेगाने उंच चढते. चढताना ती प्रसरण पावते आणि थंड होते. तिच्यातील बाष्पाचे ढगात रूपांतर होते. म्हणून पहाटे निरभ्र असलेल्या माथ्यावर दहा-अकराच्या सुमारास ढगांचे पुंजके दिसू लागतात आणि दुपारी सगळी रांग झाकून जाते. मे आणि जून महिन्यांत याच ढगांतून गारा पडतात, विजा चमकतात. पावसाळ्यात तर समुद्रावरून आलेली हवा या भिंतीवर आदळून इतके पाणी टाकते, की धर्मशाळेस वर्षाकाठी सरासरी तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. जुलै आणि ऑगस्ट हे महिने म्हणून सर्वस्वी वर्ज्य होत. मेचा उत्तरार्ध ते जून आणि सप्टेंबरचा उत्तरार्ध ते ऑक्टोबरचा आरंभ, एवढाच काळ सामान्य प्रवाशाला मोकळा असतो.

दुसरे कारण बर्फाचे. रात्रीच्या थंडीने घळीतील बर्फाचा पृष्ठभाग गोठून टणक होतो. अशा बर्फावर पाय रुतत नाही. हिमकुऱ्हाडीने पायऱ्या खोदून किंवा बुटाने खळगे पाडून पुढे जाता येते. दक्षिणेकडे तोंड असलेल्या या उतारावर ऊन आले, की थोड्याच तासांत बर्फ मऊ पडते आणि पाय गुडघ्यापर्यंत आत जातो. शक्ती दुपटीने खर्च होते. शिळांच्या मधल्या पोकळ्यांवरचे बर्फ पातळ होऊन अचानक फसते. बर्फाने धरून ठेवलेले दगड मोकळे होऊन घरंगळू लागतात. उतारावर बर्फ जाड साचले असेल, तर हिमलोट सुटण्याचे भयही याच वेळी वाढते. सकाळी उडी मारून ओलांडलेला ओढा वितळलेल्या पाण्याने दुपारी फुगलेला असतो. टणक बर्फावरही धोका आहेच. त्यावर पाय घसरला, तर माणूस काचेवरून घरंगळावे तसा खाली जातो. म्हणून ज्याला हिमकुऱ्हाड रोवून स्वतःला थांबविता येत नाही, त्याने बर्फ असलेल्या दिवसांत माहीतगाराशिवाय या घळीत जाऊ नये.

तिसरे कारण साधे आहे. चूक सुधारण्यास उजेड लागतो. सकाळी दहा वाजता कोणाचा घोटा मुरगळला, तर त्याला खाली आणण्यास आठ-नऊ तासांचा दिवस हाती असतो. तीच घटना दुपारी चार वाजता घडली, तर रात्र उघड्यावर काढावी लागते.

विरळ हवा

जोतीच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीवरील दाबाच्या सुमारे ५८ टक्के असतो. हवेतील प्राणवायूचे प्रमाण खाली असते तेवढेच, म्हणजे २१ टक्के, राहते. परंतु हवाच विरळ असल्यामुळे प्रत्येक श्वासाबरोबर फुप्फुसांत जाणारा प्राणवायू कमी पडतो. शरीर याची भरपाई करू शकते, पण त्याला काही दिवसांचा अवधी लागतो. हा अवधी न देता जो वर जातो, त्याला डोकेदुखी, मळमळ, निद्रानाश आणि विलक्षण थकवा जाणवतो. ही गिरिव्याधी होय. ती बळावल्यास फुप्फुसांत किंवा मेंदूत पाणी साचून माणूस दगावतो.

या व्याधीच्या अभ्यासात भारतीय डॉक्टरांचा वाटा मोठा आहे. १९६२ च्या युद्धकाळात सपाटीवरचे सैनिक तातडीने उंच पहाडांत न्यावे लागले. त्यांपैकी १९२५ सैनिकांच्या गिरिव्याधीविषयीची लष्करी डॉक्टरांची निरीक्षणे १९६९ साली प्रसिद्ध झाली आणि जगभरच्या वैद्यकांनी त्यांची दखल घेतली. हे सैनिक निवडक, तरुण आणि धट्टेकट्टे होते. अंगातील ताकद ही गिरिव्याधीपासून संरक्षण देत नाही, हे अशा अनुभवांतून स्पष्ट झाले. किंबहुना बळकट माणूस वेगाने चढतो आणि म्हणूनच अधिक लवकर आजारी पडू शकतो.

सकाळी मैदानी शहरातून धर्मशाळेस पोहोचून दुसऱ्याच रात्री लाहेशला मुक्काम करणारा प्रवासी हीच चूक करतो. तीन हजार मीटरांच्या वर मुक्कामाची उंची दर दिवशी तीनशे ते पाचशे मीटरांहून अधिक वाढवू नये, हा आज सर्वमान्य झालेला नियम आहे. त्यानुसार मॅकलोडगंजला एक-दोन रात्री, त्रिउंडला एक आणि इलाका गोटला एक रात्र काढणे हिताचे ठरते. डोके दुखत असताना वर चढू नये. दुखणे वाढले, बोलणे-चालणे अडखळू लागले किंवा बसल्या जागी धाप लागली, तर रात्र असो वा दिवस, त्या माणसाला ताबडतोब खाली न्यावे. याहून खात्रीचा उपाय नाही.

उघडी वाट

गिर्यारोहक एखाद्या वाटेला ‘उघडी’ म्हणतात, तेव्हा त्याचे दोन अर्थ होतात. पहिला असा, की तेथे घसरलेला माणूस लगेच थांबत नाही. त्याच्या खाली झुडूप नसते, सपाटी नसते; फक्त उतार असतो. इंद्रहारच्या वरच्या कातळांवर अशा काही जागा आहेत. त्या चढायला कठीण नाहीत. तोच कातळ जमिनीपासून दोन हात उंचीवर असता, तर एखादे मूलही त्यावरून चालले असते. परंतु खालची पोकळी दिसली, की माणूस कातळाला चिकटून बसतो, शरीराचा भार पायांवरून काढून हातांवर घेतो, आणि नेमका त्यामुळेच पाय निसटतो. म्हणून अशा ठिकाणी शरीर उभे ठेवावे, दोन पाय आणि दोन हात यांपैकी तीन नेहमी टेकलेले असावेत आणि पुढचे पाऊल जेथे टाकावयाचे तेवढ्याच जागेवर दृष्टी असावी.

दुसरा अर्थ आडोशाचा अभाव हा आहे. लाहेश सोडल्यानंतर माथ्यापर्यंत खात्रीचा निवारा नाही. उंचीबरोबर हवेचे तापमान दर हजार मीटरांस सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. या हिशेबाने जोत धर्मशाळेपेक्षा अठरा-एकोणीस अंशांनी थंड असते. त्यात वारा अंगाची ऊब हिरावून घेतो. घामाने किंवा पावसाने कपडे भिजलेले असतील, तर पाणी गोठण्याइतकी थंडी नसतानाही शरीराचे तापमान धोक्याच्या पातळीखाली घसरते. आधी थरथर सुटते, मग हातांची बोटे काम करीनाशी होतात, पुढे माणूस असंबद्ध बोलू लागतो. ज्याला हे होते, त्याला स्वतःला ते कळत नाही. सोबत्यांनीच ते ओळखावे लागते. सुती कपडे या ठिकाणी शत्रू ठरतात. लोकर आणि पाणी अडविणारे वरचे वस्त्र हीच खरी सोबत. बर्फावरून परावर्तित होणाऱ्या किरणांनी हिमांधत्व येऊ नये म्हणून गडद चष्माही हवाच.

विजेचे भय याच उघडेपणातून येते. मेघगर्जना ऐकू आली, की माथा तत्काळ सोडावा. एकट्या उभ्या शिळेच्या पायाशी किंवा उथळ कपारीत आसरा घेऊ नये, कारण विजेचा प्रवाह तेथे खडकावरून अंगावर झेप घेऊ शकतो. धारेपासून जितके खाली उतरता येईल तितके उतरणे, हाच मार्ग.

परत फिरण्याची वेळ

अशा वाटांवरील अपघात बहुधा एका मोठ्या चुकीने होत नाहीत. निघण्यास तासभर उशीर होतो. वाटेत एकजण मागे पडतो, त्याच्यासाठी इतर थांबतात, नंतर कंटाळून पुढे जातात. अकरा वाजतात, ढग दिसू लागतात, पण माथा समोर दिसत असतो. ‘एवढे आलो आहोत, तर आता शंभर मीटरांसाठी कशाला फिरायचे?’ असा विचार प्रत्येकाच्या मनात येतो. दीड वाजता माथ्यावर पोहोचेपर्यंत धुके दाटते. उतरताना चढतेवेळची घळ सापडत नाही, कारण वरून पाहिले असता सगळ्या घळी सारख्याच दिसतात. चुकीची घळ एखाद्या कड्यावर जाऊन संपते. यांतली प्रत्येक गोष्ट क्षुल्लक आहे. त्यांची साखळी मात्र प्राणघातक ठरते.

ही साखळी तोडण्याचा उपाय आदल्या रात्रीच योजावा लागतो. लाहेशच्या मुक्कामी, पोट भरलेले आणि डोके शांत असताना, परत फिरण्याची वेळ ठरवावी. समजा, अकरा वाजता. मग अकराला पथक जेथे असेल, तेथून मागे फिरेल. माथा किती जवळ आहे, हा प्रश्न त्या वेळी विचारावयाचा नाही. थकलेल्या आणि विरळ हवेत बधिरलेल्या मेंदूवर हा निर्णय सोपवू नये, एवढाच यातील अर्थ आहे. चढताना अधूनमधून मागे वळून वाट वरून कशी दिसते ते पाहून ठेवावे. पथकाची गती सर्वांत मंद चालणाऱ्याच्या गतीइतकी धरावी. खाली कोणास तरी आपली नावे, मार्ग आणि परतण्याची वेळ सांगून ठेवावी. मॅकलोडगंज येथे प्रादेशिक गिर्यारोहण केंद्र आहे. बर्फाची आणि वाटेची चौकशी तेथे करता येते.

उतरणीविषयीही एक इशारा आवश्यक आहे. माथा गाठला, की मन कार्य संपल्यासारखे सैल पडते. प्रत्यक्षात निम्मेच काम झालेले असते. गुडघे थकलेले असतात, बर्फ मऊ झालेले असते आणि बर्फाच्या लांब उतारावरून बसून घसरत जाण्याचा मोह होतो. उताराच्या तळाशी शिळा आहेत, याचा अशा वेळी विसर पडतो.

माथ्यावरून

जो वेळेवर निघतो, त्याला सकाळी नऊच्या सुमारास जोतीवर उभे राहता येते. दक्षिणेस कांगड्याचे हिरवे खोरे नकाशासारखे पसरलेले असते. हवा निर्मळ असेल, तर बियास नदीवरील पोंग धरणाचा जलाशयही लकाकताना दिसतो. उत्तरेस दृश्य सर्वस्वी बदलते. तेथे बर्फ अजून वितळलेले नसते, कारण त्या उताराला ऊन कमी मिळते. त्यापलीकडे पीर पंजालच्या रांगा आणि भरमौरच्या बाजूस ५६५३ मीटर उंचीचा मणिमहेश कैलास. एका पावलाच्या अंतरावर दोन वेगळे प्रदेश भेटतात.

गद्दी येथे फार वेळ रेंगाळत नाही. त्रिशुळापुढे हात जोडतो, कळप मोजतो आणि आकाशाकडे पाहून शीळ घालतो. त्याला आज पलीकडच्या उतारावर चारा असलेल्या जागी पोहोचायचे असते, आणि शरद ऋतूत याच वाटेने परत यायचे असते. पुढच्या वर्षीही यायचे असते. जोत कोठे जात नाही, हे त्याला ठाऊक आहे. म्हणून प्रतिकूल दिवशी खाली थांबण्यात त्याला कमीपणा वाटत नाही. शहरातून आलेल्या प्रवाशाजवळ सुट्टीचे चारच दिवस असतात. त्यामुळे ही गोष्ट त्याला अवघड जाते, आणि हिमालयात त्याने प्रथम शिकावयाची गोष्टही हीच आहे.